यंत्र कमी दाखवतं

रविवार, २ मार्च

चिरंजीव आले होते. सोबत सूनबाई आणि खिशात मोजपट्टी. मोजपट्टी कशाला, तर त्यांच्या घरातल्या मागल्या खोलीत माझं कपाट मावतं का ते बघायला. म्हणजे माझा होकार यायच्या आधी माझ्या कपाटाची उंची घेऊन झाली. त्या खोलीत सध्या कपडे धुण्याचं यंत्र, इस्त्रीचं टेबल आणि नातवाची मोडकी सायकल राहते. आता त्यांच्या शेजारी मी आणि वन्सं.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. हे गेल्यापासून नऊ वर्षं माझ्याकडे राहतात. त्यांच्या मते मी त्यांच्याकडे राहते. वय सत्तर, वजन चौऱ्याहत्तर, आणि वजनाची लाज शून्य.

"आई, तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही. उद्या काही झालं म्हणजे?"

"उद्या झालं तर परवा कळवीन."

"तू ना, अशीच बोलतेस."

"मग कशी बोलू? तुझ्यासारखी? पन्नाशी यायच्या आत जिना चढून धापा टाकतोस. पहिलं तुला कुठल्या खोलीत ठेवायचं ते बघ."

सूनबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांना हसू आलं की बाहेर बघतात. एवढं एक त्यांचं मला आवडतं.

शेवटी चिरंजीवांनी करार केला. आरोग्य केंद्रात उद्यापासून पासष्टीवरच्या लोकांची ताकद मोजणार आहेत. दोघींनी मोजून घ्यायची. दोघी ठीक निघाल्या तर तो हा विषय पुन्हा काढणार नाही. एक जरी कमी निघाली तर दोघींनी सामान बांधायचं. मी म्हटलं, ठरलं. वन्संना कुणी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "माझं मत चहाबरोबर विचारणार आहात की नंतर?"

उद्यापासून त्या केंद्रात मोजायला मीच बसणार आहे, हे त्याला सांगितलं नाही. वाचनालयाच्या फलकावर चिठ्ठी होती: काटेकोर काम करणारी माणसं हवीत, मोबदला नाही. काटेकोर हा शब्द वाचून मी लगेच नाव दिलं. बाकी कुणी दिलं नसावं.

सोमवार, ३ मार्च

केंद्रात तीन खोल्या, दोन पंखे, एक डॉक्टरीणबाई. वय असेल बत्तीस. मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मुलांना व्हर्नियर वाचायला शिकवत होते तेव्हा ही रांगत असेल. तिने मला आजार समजावला. वय वाढलं की स्नायू झडतात. हळूहळू झडतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. याला म्हणे सार्कोपेनिया म्हणतात. पूर्वी याला म्हातारपण म्हणायचे आणि त्यासाठी फॉर्म भरावा लागत नसे.

काम सोपं आहे. पहिली खोली माझी. मुठीत दाबायचं यंत्र, त्याला काटा, काट्याखाली किलो. बायकांना अठराची रेषा, पुरुषांना अठ्ठावीसची. रेषेच्या वर तो घरी जाईल. रेषेच्या खाली तो दुसऱ्या खोलीत जाईल. तिथे खुर्चीवरून पाच वेळा हात न टेकता उठायचं, मग चालायचं, मग एका यंत्रावर उभं राहायचं. ते मांस वेगळं आणि चरबी वेगळी सांगतं. तिथेही कमी निघाला तर एप्रिलपासून बारा आठवडे व्यायामाचा वर्ग.

"म्हणजे सगळं तुमच्या टेबलावर ठरतं, मॅडम," ती म्हणाली. "कमजोर माणूस तुमच्याकडून सुटला तर पुढे त्याला कुणी पकडणार नाही."

मी म्हटलं, माझ्या टेबलावरून एकतीस वर्षांत कुणी सुटलेलं नाही.

कुठलंही यंत्र वापरायच्या आधी ज्ञात मूल्यावर तपासून घ्यायचं. हे मी इतक्या मुलांच्या डोक्यात घातलं आहे की त्यातली निम्मी झोपेतसुद्धा म्हणतील. ज्ञात मूल्य माझ्याजवळ होतं. मी निवृत्त झाले त्या वर्षी जीवशास्त्रवाल्यांकडे असंच यंत्र आलं होतं. सगळ्यांनी दाबून पाहिलं. मी चोवीस. शिपाई तेवीस. तो आठवडाभर माझ्याकडे बघत नव्हता. तेव्हा माझं वजन एक्कावन्न होतं, आज केंद्राच्या काट्यावर एक्कावन्न. तेव्हा शिवलेले ब्लाउज आजही एक टाका न उसवता बसतात. माणसं पसरतात, आक्रसतात, ओघळतात. मी आहे तिथे आहे.

यंत्र दाबलं. सतरा. पुन्हा सतरा. तिसऱ्यांदा साडेसोळा.

काटा शून्यावर बरोबर येतो, म्हणजे शून्याची चूक नाही. स्प्रिंग ताठली आहे. चोवीस भागिले सतरा, एक पूर्णांक चार. प्रत्येक वाचन एक पूर्णांक चारने गुणायचं. वहीत कच्चे आकडे, फॉर्मवर दुरुस्त केलेले. डॉक्टरीणबाईंना सांगायला गेले तर त्या फोनवर होत्या. मग राहून गेलं. कंपनीला मात्र कडक पत्र टाकलं.

गुरुवार, ६ मार्च

चार दिवसांत सव्वीस माणसं. माणूस म्हातारा झाला की शहाणा होतो, असं ज्याने ठरवलं त्याने चार दिवस या टेबलावर बसावं.

कोपऱ्यावरच्या बंगल्यातले जज्जसाहेब आले. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण मान अजून आसनावरच. साडेएकवीस दाबलं. गुणून तीस. तेवढ्यावर समाधान नाही. "मी नीट बसलो नव्हतो. पुन्हा संधी मिळावी." मी म्हटलं, पास झाला आहात, आता उठा. उठताना टेबलाचा आधार घेतला, टेबल हललं, माझी शाई सांडली. क्षमा मागितली नाही.

शिंपीणबाई आल्या. माझे ब्लाउज त्यांनीच शिवलेले. तेरा. गुणून अठरा पूर्णांक दोन. रेषेच्या जेमतेम वर, पण वर म्हणजे वर.

"मॅडम, मशीनवरून उठताना मला दोन्ही हात लावावे लागतात हो. मध्येच गुडघ्यातून जातं."

"आकडा बघा. आकडा ठीक आहे."

"नाही, आकडा असेल ठीक. पण मला वाटलं..."

"वाटणं मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही."

त्या हसल्या आणि गेल्या. चांगली बाई आहे, पण लाड करून घ्यायची सवय.

घरी आल्यावर मधाची बाटली उघडेना. हल्ली कारखान्यात झाकणं कुणी राक्षस बसवतात. वन्संनी बूड ओट्यावर आपटलं, झाकण कापडात धरलं आणि उघडलं. अडाणी पद्धत.

शुक्रवार, ७ मार्च

चौकातला हिरवा दिवा कमी केला आहे. पूर्वी मी पलीकडे पोचून मागे वळून बघायचे तरी तो हिरवाच. आज दोन तृतीयांश रस्त्यावर असताना लाल झाला आणि एका मोटारवाल्याने मला हात जोडले. नगरपालिकेला पत्र लिहिलं. किती सेकंद कमी केले आणि कुणाला विचारून, ते लेखी कळवावं.

सोमवार, १० मार्च

वन्संची पाळी. आल्या त्या सजून. मोजायला आलोय की फोटो काढायला, असं मी विचारलं. म्हणाल्या, "मोजून वाईट निघाले तर निदान दिसायला बरी असावी."

साडेचौदा. मी फॉर्मवर वीस पूर्णांक तीन लिहिलं.

वन्संचे डोळे अजून चांगले आहेत, दुर्दैवाने.

"वहिनी, काट्यावर साडेचौदा दिसत होतं."

"यंत्र कमी दाखवतं."

"कोण म्हणालं?"

"मी."

त्या खुर्ची सोडेनात. मागे रांगेत सहा माणसं.

"मला त्या दुसऱ्या खोलीत जायचंय," त्या म्हणाल्या. "त्या वर्गात जायचंय. मी तुम्हाला सांगत नाही, पण दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझे पाय कापतात. रोज कापतात. मला आपलं घर सोडायचं नाही हो वहिनी. म्हणूनच म्हणते, मला वर्गात घाला."

"वर्ग दुबळ्यांसाठी आहे. तुम्ही वीस आहात. आणि त्या खोलीत पाय टाकलात की संध्याकाळी चिरंजीव दोरखंड घेऊन दारात. करार आठवतो ना?"

"करार तुमचा होता."

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने खोकून दाखवलं. वन्सं उठल्या. तीन झोके घेऊन उठल्या. त्यांना नाटकाची हौस पहिल्यापासून.

माझा फॉर्म मीच भरला. चोवीस. दोन्ही फॉर्मांच्या नकला आजच चिरंजीवांना पाठवल्या. उत्तरात नुसता अंगठा आला.

शनिवार, १५ मार्च

डॉक्टरीणबाई चिंतेत. एक्केचाळीस माणसं झाली आणि दुसऱ्या खोलीत आतापर्यंत दोघंच गेली. तिथली खुर्ची आज पुसून ठेवली.

"मला निदान आठ-दहा अपेक्षित होते," ती म्हणाली. "चालताना बघते ना मी लोकांना. दारातून येतात ते बघूनच वाटतं, हा जाणार आत. आणि तुमच्याकडून तीस घेऊन बाहेर."

मी म्हटलं, डोळ्यांनी निदान करायचं असेल तर यंत्रं कशाला विकत घेतलीत? तिचा चेहरा पडला. आजकालच्या डॉक्टरांना निरोगी माणूस बघवत नाही. आजार छापून तयार, आता माणसं पुरवा.

तरी ती उद्धट नाही. जाताना माझी पिशवी फाटकापर्यंत घेऊन आली. पिशवीत वही आणि दोन संत्री होती. मी नको म्हटलं नाही, कारण वाद घालायचा कंटाळा आला होता.

मंगळवार, १८ मार्च

आजची गोष्ट लिहू नये असं वाटत होतं. म्हणून लिहिते.

वन्सं बाजारातून येत होत्या, मी वाचनालयातून. जिन्यात गाठ पडली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या अचानक पायरीवर बसल्या. पडल्या नाहीत, बसल्या. म्हणाल्या, जरा दम घेते. घेतला. मग उठायला गेल्या तर उठता येईना. पुन्हा गेल्या. पुन्हा बसल्या.

मी त्यांचे दोन्ही हात धरून ओढलं. चौऱ्याहत्तर किलो ओढायचे म्हणजे गंमत नाही. एकदा ओढलं, दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा माझी पकड सुटली आणि मी त्यांच्या शेजारी बसले. घाम आला होता, त्यामुळे हात घसरला. बटाटे दोन मजले खाली गेले. एकेक करत, सावकाश, आवाज करत.

"वहिनी, लागलं का?"

"मला काय लागतंय."

"मग तुम्ही तरी उठा. वरच्या दारातल्या टॅक्सीवाल्याला हाक मारा."

"तुम्हाला एकटीला सोडून कुठे जाऊ?"

"चार पायऱ्या वर जायचंय. मी पळून जात नाही."

"मला घाई नाही."

"उठून दाखवा ना."

"वन्सं, मी बसले आहे ते तुम्हाला सोबत म्हणून."

त्यांनी पदराने कपाळ पुसलं, आधी माझं, मग स्वतःचं. आम्ही तिथे चाळीस मिनिटं बसलो. बसून काय करायचं म्हणून त्यांनी मला विचारलं, जिन्याच्या भिंतीचा रंग पूर्वी कुठला होता. मी म्हटलं पिवळा. त्या म्हणाल्या हिरवा. त्यावर वीस मिनिटं गेली.

शेवटी टॅक्सीवाला जेवायला घरी आला. त्याने पिशवी बाजूला ठेवली, वन्संना एका हाताने उभं केलं आणि मग काही न विचारता मलाही केलं. मी म्हटलं, माझी गरज नव्हती. तो म्हणाला, "असू द्या मावशी, हात मोकळाच होता." मग खाली जाऊन बटाटे गोळा करून आणले. त्यातला एक माझ्या हातात दिला आणि म्हणाला, हा फुटलाय, आज शिजवा.

वन्सं म्हणाल्या, चिरंजीवाला सांगायचं नाही. मी म्हटलं, सांगण्यासारखं काय झालंय?

गुरुवार, २० मार्च

पाठ दुखते. वन्संमुळे.

शुक्रवार, २१ मार्च

कंपनीने माणूस पाठवला. माझ्या पत्राचा परिणाम. एक बुटका, गंभीर गृहस्थ, हातात पेटी. पेटीत टांगायचा आकडा आणि लोखंडी वजनं. मी त्याला सांगितलं, स्प्रिंग ताठली आहे, एक पूर्णांक चारचा फरक आहे, निमूटपणे बदलून द्या.

त्याने यंत्र उलटं टांगलं आणि दहा किलो लावले. काटा दहावर. वीस लावले. वीस. तीस लावले. तीस.

"पुन्हा लावा," मी म्हटलं.

पुन्हा लावले. मी पाच वेळा लावायला लावले. मधल्या वेळी मी त्याची वजनं हातात घेऊन त्यांच्यावरचे शिक्के वाचले. शिक्के खरे होते. वीस किलोचं वजन मला उचलून टेबलावर ठेवता आलं नाही, त्याने ठेवलं.

"बाई, यंत्र एकदम बरोबर आहे. तुम्ही कशावर तपासलं होतंत?"

मी म्हटलं, पावती करा. त्याने पावती केली, मी सही केली.

तपासणी दुपारी दोनला संपते. मी बारालाच डोकं दुखतं सांगून घरी आले. डोकं दुखत नव्हतं.

प्रयोगशाळेत माझ्या दुसऱ्या वर्षी एक मुलगा लंबकाचे झोके स्वतःच्या नाडीवर मोजत होता. घड्याळ बिघडलं म्हणून. मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. म्हटलं, तू घाबरलास की नाडी पळणार, पळालास की पळणार, म्हातारा झालास की मंदावणार, आणि तू म्हणणार लंबक बिघडला. त्याला वर्षभर नाडीवाला म्हणत होते. पुढे त्याने विषयच बदलला.

त्या मुलाकडे निदान घड्याळ नव्हतं. माझ्याकडे भाजीवाल्याचं वजन होतं, साखरेचं पोतं होतं, बादली आणि पाणी होतं. काहीही टांगता आलं असतं. मी स्वतःला टांगलं.

चोवीस मी होते. सतरा मी आहे. यंत्र पहिल्या दिवसापासून तेच सांगत होतं, आणि मी त्यालाच पत्र लिहून दटावलं.

शनिवार, २२ मार्च

सकाळी आठला डॉक्टरीणबाईंच्या दारात. उभ्या उभ्या सांगितलं, खुर्ची नको म्हटलं. बावन्न माणसांचे आकडे मी फुगवले. त्यातली सतरा रेषेच्या खाली होती आणि मी त्यांना घरी पाठवलं. अठरावी मी.

ती ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्यांशी बोलता येतं. ती पेनाचं टोपण लावत-काढत बसली.

"कच्चे आकडे ठेवलेत?"

"कच्चे आकडे न ठेवणाऱ्या माणसाला मी माणूस म्हणत नाही."

"मग अजून हातातून गेलेलं नाही." पेन ठेवून म्हणाली, "मलाही विचारायला हवं होतं. तुमची भीती वाटायची."

हे तिने स्वतःच्या बचावासाठी म्हटलं असतं तर मी उडवून लावलं असतं. पण तसं नव्हतं. मग तिने मला दुसऱ्या खोलीत नेलं. ती पुसून ठेवलेली खुर्ची. हात छातीवर दुमडायचे आणि पाच वेळा उठायचं. बारा सेकंदांच्या आत झालं तर ठीक. मी उठायला गेले आणि माझे दोन्ही हात आपोआप खुर्चीवर गेले. मला कळलंसुद्धा नाही कधी गेले. "हात नाही, मॅडम." पुन्हा दुमडले. पुन्हा गेले. पुढे तीन वेळा कशीबशी उठले. चौथ्यांदा अर्ध्यातून खाली आले. तिने घड्याळ थांबवलं आणि मला आकडा सांगितला नाही. मी मागून घेतला. चोवीस सेकंद, अपूर्ण.

मग ते मांस-चरबीचं यंत्र. वजन एक्कावन्न, तेच. पण मांस गेलं आहे आणि गेलेल्याच्या जागी चरबी भरली आहे, किलोला किलो. पोतं तेवढंच, आतला माल बदलला. माझे ब्लाउज बसतात ते या हिशेबाने.

"जाड माणसांना घरचे टोकतात, ती लवकर येतात," ती म्हणाली. "तुमच्यासारखी सडपातळ माणसं येतच नाहीत. आली तर दुसऱ्या कुणालातरी घेऊन येतात."

मी म्हटलं, मी बावन्न जणांना घेऊन आले.

मंगळवार, २५ मार्च

काल आणि आज सोळा फोन. वन्संना घरीच सांगायचं आहे; ते उद्या. डॉक्टरीणबाई म्हणाली, आम्ही करतो. मी म्हटलं, आकडे ज्याने फुगवले त्याने उतरवायचे.

तिघांनी शिव्या घातल्या. रीतसर घातल्या, मी मध्ये बोलले नाही. एकजण रडला. एका बाईला ऐकू येत नाही, तिच्या जावयाला तीनदा समजावलं. तो माझ्यापेक्षा मठ्ठ, पण आठवडाभरापूर्वी हे मी अधिक मोकळेपणाने लिहिलं असतं. जज्जसाहेब म्हणाले, "माझे तीस होते. निकाल लागलेला आहे." मी म्हटलं, निकाल रद्द. ते म्हणाले, "मी अपील करीन." मी म्हटलं, अपील पुढच्या मंगळवारी सकाळी नऊला, सैल कपडे घालून या.

शिंपीणबाईंचा फोन मुलीने उचलला. रविवारी, सोळा तारखेला, त्या स्टुलावरून पडल्या. उजवं मनगट मोडलं.

भेटायला गेले. पलंगावर बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये, शिलाईचं मशीन चादरीखाली झाकलेलं. मला बघून उठायला लागल्या. मी खांदा दाबून बसवलं.

"वरचं कापड काढायला चढले हो," त्या म्हणाल्या. "एरवी मी मुलीलाच सांगते. पण म्हटलं, मॅडमनी आकडा ठीक सांगितलाय. उगाच आपण घाबरतो. चढले."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचे तेरा होते. अठरा नव्हते.

त्यांनी विचार केला. "मग ते अठरा कुणाचे?"

"माझ्या गर्वाचे," असं म्हणायला छान वाटलं असतं. मी म्हटलं, "माझी चूक. मी स्वतःला माप धरलं."

"तुमचं माप माझ्याकडे आहे की," त्या म्हणाल्या. "छाती तीच, पण दर नव्या ब्लाउजला दंड पाव इंच आत घेते मी. तुम्ही विचारत नाही, म्हणून मी सांगत नाही."

किती वर्षं घेताय, असं विचारलं. सहा-सात, म्हणाल्या.

त्यांच्या मुलीने चहा आणला. प्यावा लागला. तो प्यायचा सोडून उठून जाणं जास्त सोपं होतं.

बुधवार, २६ मार्च

वन्संना सांगितलं. कच्चे साडेचौदा, आणि माझे सतरा. त्या भाजी निवडत होत्या, निवडतच राहिल्या.

"मला माहीत होतं," म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"जिन्यात बसलात तेव्हाच. सोबत म्हणून बसणारी माणसं खाली बघून बसत नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले होते की. मला वर्गात घाला, म्हटलं होतं. तुम्ही वीस म्हणालात." त्यांनी देठ मोडला. "राग आलाय मला, वहिनी. तुम्ही बोलू नका, आज मला राग धरू दे."

दिवसभर धरला. रात्रीच्या जेवणाला त्यांनी माझं पान वाढलं, पण पाणी माझं मला घ्यायला लावलं.

रविवार, ३० मार्च

चिरंजीवांना मीच बोलावलं. दोन खरे आकडे कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवले. आधीचे दोन फॉर्म फाडून त्याशेजारी ठेवले.

"एक जरी कमी निघाली तर, असं ठरलं होतं. दोघी कमी आहोत."

तो जिंकेल आणि जिंकलेला दिसेल, असं मला वाटलं होतं. तो कागद उचलून म्हणाला, "सतरा? आई, तू?" त्याचा आवाज शाळेत पहिल्यांदा नापास झाला तेव्हा होता तसा. मला ते अजिबात आवडलं नाही.

"मग कधी येता?" सूनबाईंनी विचारलं. या वेळी खिडकीतून बघत नव्हत्या.

"मी येत नाही," वन्सं म्हणाल्या. "माझ्याशी कुणीही काही ठरवलेलं नाही. मी मंगळवारपासून वर्गात जाणार आहे. बारा आठवडे. त्यानंतर मोजा. तेव्हा कमी असले तर माझी गादी मी स्वतः बांधीन."

"आत्या, पण बारा आठवड्यांत तुम्ही जिन्यात पडलात तर?"

"टॅक्सीवाला सव्वाला जेवायला येतो. त्या वेळी चढू."

तेव्हा त्याला जिन्याची गोष्ट कळली. मग बराच वेळ तो बोलला आणि आम्ही ऐकलं. त्याचा हक्क होता. शेवटी ठरलं ते असं. बारा आठवडे दोघींनी वर्ग करायचा. रोजची खरेदी टॅक्सीवाल्याची बायको वर आणून देईल. शेवटी डॉक्टरीणबाई मोजतील, मी त्या खोलीत असणार नाही. एक जरी रेषेच्या खाली राहिली, तर दोघी जाणार, आणि या वेळी वन्संनीही होकार दिला.

चिरंजीव जाताना म्हणाला, "खोली तोपर्यंत रिकामी ठेवतो." मी म्हटलं, सायकल काढू नकोस.

जिन्यात त्याच्या पावलांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकला. धापा टाकत नव्हता. उतरताना कुणीच टाकत नाही.

मंगळवार, १ एप्रिल

वर्ग. अठरा खुर्च्या, सतरा माणसं. शिंपीणबाई मनगट जुळेपर्यंत हातांचं काही करणार नाहीत, पण पायांचं करायला आल्या. जज्जसाहेब सैल कपड्यांत, आणि त्या कपड्यांत ते एकदम कुणाचे तरी आजोबा दिसतात. वर्ग घेणारी बाई पंचविशीतली, गळ्यात शिट्टी, प्रत्येक वाक्याच्या शेवटी टाळी. "मस्त! शाब्बास! कमाल आजी!" कमाल कुणी केलेली नव्हती. मी वन्संना हळूच म्हटलं, हिला कुणी वजन बांधा, फुग्यासारखी वर चालली आहे. वन्सं सहा दिवसांनी माझ्या बोलण्यावर हसल्या.

खुर्चीवरून पाच वेळा उठायचं, हात दुमडून. आजचा आकडा म्हणजे सुरुवातीचा आकडा. बारा आठवड्यांनी याच्याशी ताडून बघणार. जज्जसाहेबांनी तीन केले आणि चौथ्याला मुदत मागितली. वन्संनी तीन. चेहरा लाल, पण तीन.

मी पहिल्यांदा उठले, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. चौथ्याला मांड्या थरथरल्या, तरी उठले. पाचव्याला अर्ध्यापर्यंत गेले, तिथे थोडी थांबले, आणि खाली आले.

"पाच! वा आजी, सगळ्यांत जास्त!" टाळी. बाईंनी फॉर्मवर पाच लिहिलं.

"चार झाले," मी म्हटलं.

"अहो, झालेच की जवळजवळ. पहिला दिवस आहे."

"असू द्या ना वहिनी," वन्सं म्हणाल्या. "पाच म्हणतात तर पाच."

मी तिच्या हातातलं पेन घेतलं, पाच खोडलं, चार लिहिलं आणि शेजारी सही केली. मग वन्संचा फॉर्म मागून घेतला आणि बघितला. त्यावर चार लिहिलं होतं. तोही दुरुस्त केला. त्यांनी सही करताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण केली.